वीस वर्षांचं भाकीत, तीस वर्षांचा विसर

ऑगस्ट १९५५. हिरोशिमाला दहा वर्षं झाली होती आणि अणुशक्ती शांततेसाठी कशी वापरायची यावर संयुक्त राष्ट्रांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद जिनिव्हात भरली होती. अध्यक्षपदी होते मुंबईचे होमी भाभा, वय ४५. अध्यक्षीय भाषणात त्यांनी एक धाडसी भाकीत केलं. हायड्रोजन बॉम्बमध्ये जी ऊर्जा एका क्षणात सुटते, ती काबूत ठेवून सावकाश सोडण्याची युक्ती माणसाला येत्या दोन दशकांत सापडेल. ते जमलं की जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटला, कारण मग इंधन समुद्रातल्या जड हायड्रोजनइतकं मुबलक असेल.

अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ तेव्हा याच युक्तीवर गुपचूप काम करत होते. भाभांनी भर सभेत त्या गुपिताला हात घातला.

दोन दशकं १९७५ मध्ये संपली. त्यालाही आता पन्नास वर्षं होऊन गेली. आज आपण फोन चार्जिंगला लावतो तेव्हा त्या प्लगमध्ये कोळशाची वीज असते, पाण्याची असते, थोडी सूर्याची आणि थोडी युरेनियमची असते. हायड्रोजनच्या मीलनाची, म्हणजे फ्युजनची, अजून नसते. ‘फ्युजन कायम तीस वर्षं लांब असतं’ हा विनोद आता इतका जुना झालाय की त्यावर कोणी हसतही नाही.

अडलं कुठे? पैसा, राजकारण, शीतयुद्ध, सगळ्यांचा वाटा आहे. पण भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर बराचसा दोष एकाच गोष्टीकडे जातो: टर्ब्युलन्स. विमान हादरायला लागलं की पायलट घोषणा करतो, तीच खळबळ. हवेत असते, नदीत असते, उकळत्या पाण्यात असते आणि कोट्यवधी अंश तापलेल्या प्लाझ्मातही असते.

या गोष्टीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. फ्युजनवाले जी खळबळ थांबवायला धडपडत होते, ती सुरू तरी कशी होते या प्रश्नाने खगोलशास्त्रज्ञ हैराण होते. ती नसेल तर सूर्य कसा घडला हेच सांगता येत नव्हतं. उत्तर १९५९ मध्येच छापून आलं होतं. ते योग्य टेबलावर पोचायला ३२ वर्षं लागली.

गळकी बाटली

आधी फ्युजनवाल्यांचं दुखणं समजून घेऊ. हायड्रोजनची दोन अणुकेंद्रकं एकमेकांना ढकलतात, कारण दोन्हीवर धन विद्युतभार असतो. ती एकजीव व्हायची तर प्रचंड वेगाने आदळायला हवीत. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंशांवर हे काम भागतं, कारण तिथे दाब अफाट आहे आणि घाई कसलीच नाही. पृथ्वीवर तो दाब आणता येत नाही, म्हणून तापमान सूर्याच्या दहापट न्यावं लागतं: पंधरा कोटी अंश. इतक्या उष्णतेत अणू फुटतात, इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा होतो. तो कुठल्याही भांड्यात ठेवता येणार नाही. पण प्लाझ्मातल्या कणांवर विद्युतभार असल्यामुळे ते चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत राहतात. म्हणजे चुंबकाची बाटली करता येते.

त्या काळच्या आशावादामागे एक साधा हिशोब होता. कण एकमेकांवर आपटून रेषा बदलणार, तेवढ्याच गतीने उष्णता बाहेर झिरपणार. ही गळती फार कमी निघत होती. चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं की ती चौपटीने घटायला हवी होती.

प्रत्यक्षात बाटली चाळणीसारखी गळत होती. युद्धकाळात बर्कलीला काम करणाऱ्या डेव्हिड बोम यांना चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतज्योतीत हे दिसलं होतं. त्यांच्या सूत्रानुसार क्षेत्र दुप्पट केलं तर गळती फक्त निम्मी होत होती. शिवाय प्लाझ्मा जितका तापवाल तितका तो जास्त पळत होता. हा नियम सगळीकडे खरा असता तर फ्युजनचा नादच सोडावा लागला असता.

कारण समजायला स्वयंपाकघरात जाऊ. गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं की खालचा थर तापतो, वरचा थंड असतो. फरक थोडा असेल तर उष्णता शांतपणे वर चढते. फरक वाढला की पाणी स्वतःच उलथापालथ सुरू करतं. खालचं वर, वरचं खाली. फ्युजनच्या यंत्रात मध्यभागी पंधरा कोटी अंश असतात आणि दोन-तीन मीटरवर धातूची भिंत. विश्वात इतका टोकाचा उतार फार कमी ठिकाणी सापडेल. प्लाझ्माला हा उतार सहन होत नाही. त्यात छोटे छोटे भोवरे उठतात आणि आतली उष्णता हातोहात बाहेर पोचवतात. तुम्ही जितकं तापवता तितके भोवरे जोमाने फिरतात. आगच स्वतःला विझवायला निघते.

ब्रिटनने याचा चटका जाहीरपणे सोसला. जानेवारी १९५८ मध्ये हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्रातून न्यूट्रॉन बाहेर पडल्याची बातमी फुटली. संस्थेचे संचालक जॉन कॉक्रॉफ्ट यांनी हे न्यूट्रॉन फ्युजनचेच आहेत याची आपल्याला ९० टक्के खात्री असल्याचं पत्रकारांना सांगितलं. वर्तमानपत्रांनी माणसाने सूर्य बनवल्याचे मथळे दिले. मे महिन्यात माघार घ्यावी लागली. न्यूट्रॉन खरे होते, पण ते प्लाझ्मातल्या अस्थिरतेमुळे भरधाव सुटलेल्या काही कणांनी निर्माण केले होते. यात एक टोचणारी बाब होती. दोनच वर्षांपूर्वी, एप्रिल १९५६ मध्ये, सोव्हिएत अणुकार्यक्रमाचे प्रमुख इगोर कुर्चातोव यांनी त्याच हार्वेलमध्ये येऊन नेमक्या असल्या फसव्या न्यूट्रॉनबद्दल बजावलं होतं.

१९५८ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हात दुसरी परिषद झाली, तेव्हा तिन्ही देशांनी आपापली कपाटं उघडली. सगळ्यांची बाटली गळकी होती. गुपित ठेवण्यासारखं फारसं कोणाकडे नव्हतंच.

न फिरणारा सूर्य

आता दुसऱ्या घरात जाऊ. हे घर जुनं आहे. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७५५ मध्ये आणि गणिती लाप्लास यांनी १७९६ मध्ये एक कल्पना मांडली: सूर्य आणि ग्रह एकाच फिरत्या ढगातून जन्मले. ढग आकसला, चपटा झाला, मधल्या गोळ्याचा सूर्य झाला आणि भोवतीच्या तबकडीतून ग्रह घडले.

कल्पना सुंदर होती, पण हिशोब जुळत नव्हता. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसा, गिरकी घ्या आणि हात जवळ ओढा. वेग वाढतो. फिरणाऱ्या वस्तूचा कोनीय संवेग नाहीसा होत नाही. वस्तू आकसली की तो वेगात दिसतो. या न्यायाने प्रचंड ढगातून आकसून झालेला सूर्य भन्नाट वेगाने फिरायला हवा. आपला सूर्य मात्र एका फेरीला जवळपास महिना घेतो. सूर्यमालेतलं ९९.८ टक्क्यांहून जास्त वस्तुमान सूर्यात आहे, पण कोनीय संवेगातला त्याचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी. एकटा गुरू त्यातला अर्ध्याहून अधिक वाटा घेऊन बसलाय. घरातली सगळी माणसं एका खोलीत आणि सगळं सामान दुसऱ्या खोलीत, असला हा प्रकार.

म्हणजे तबकडीत कधीतरी देवाणघेवाण झाली असणार. द्रव्य आत सरकलं, कोनीय संवेग बाहेर गेला. पण कसा? तबकडीचा आतला भाग भराभर फिरतो, बाहेरचा सावकाश. शेजारच्या थरांमध्ये घर्षण असेल तर आतला थर मंदावून आत घसरेल आणि बाहेरच्याला रेटा मिळेल. मात्र वायूचा स्वतःचा चिकटपणा इतका नगण्य आहे की केवळ त्याच्या जोरावर हे काम व्हायला विश्वाच्या वयाच्या हजारो पट काळ लागेल. प्रत्यक्षात तरुण ताऱ्यांभोवतीच्या तबकड्या काही दशलक्ष वर्षांत नाहीशा होतात.

टर्ब्युलन्स असला तर प्रश्न मिटतो. चहात साखर नुसती पडू दिली तर विरघळायला वेळ लागतो, ढवळली की लगेच विरघळते. तबकडी ढवळली जात असेल तर थरांमध्ये देवाणघेवाण झपाट्याने होईल. पण इथे लॉर्ड रॅले आडवे आले. त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिलं होतं की फिरत्या प्रवाहात कोनीय संवेग बाहेरच्या बाजूला वाढत जात असेल, तर तो प्रवाह अशा धक्क्यांना दाद देत नाही. ताऱ्याभोवतीच्या तबकडीत नेमकं तसंच असतं. म्हणजे तबकडी शांत राहायला हवी, आणि ती शांत राहिली तर सूर्य घडायलाच नको.

१९७३ मध्ये मॉस्कोतल्या निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्याएव यांनी व्यावहारिक तोडगा काढला. कृष्णविवरांभोवतीच्या तबकड्यांचा अभ्यास करताना त्यांनी टर्ब्युलन्स आहे असं गृहीत धरलं आणि तो किती आहे ते एका आकड्यात बांधलं: अल्फा. तो कुठून येतो हा प्रश्न बाजूला ठेवला. हा तोडगा इतका उपयोगी ठरला की जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी पुढची अठरा वर्षं अल्फा वापरून गणितं केली. आपल्याला जे माहीत नाही त्याला एक ग्रीक अक्षर मिळालं होतं.

दोन सिलिंडर आणि एक रबर

या तोडग्याच्या चौदा वर्षं आधी, त्याच मॉस्कोत, येवगेनी वेलिखोव नावाच्या २४ वर्षांच्या भौतिकशास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध आला होता. विषय अगदी कोरडा: एकात एक ठेवलेले दोन सिलिंडर फिरतायत, मधल्या फटीत विजेचा उत्तम वाहक असलेला द्रव आहे, वरून चुंबकीय क्षेत्र लावलंय. प्रवाह स्थिर राहील का? त्यात तारा नव्हता, ग्रह नव्हता, तबकडीही नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, शिकागोहून सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तोच प्रश्न सोडवून तेच उत्तर काढलं. लाहोरला जन्मलेले आणि मद्रासमध्ये शिकलेले चंद्रशेखर आपल्याला ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेमुळे आणि १९८३ च्या नोबेलमुळे माहीत असतात. पण पन्नासच्या दशकात ते प्लाझ्मातही रमले होते. फ्युजनच्या पहिल्या यंत्रांमागे विजेच्या प्रवाहाने प्लाझ्मा आवळण्याची कल्पना होती; तो आवळलेला प्लाझ्मा किती स्थिर असतो यावर त्यांनी १९५८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर निबंध लिहिला होता. सिलिंडरचं गणित त्यांच्या १९६१ च्या द्रवांच्या स्थैर्यावरच्या जाडजूड ग्रंथातही आलं.

उत्तर असं होतं. चुंबकीय क्षेत्र नसेल तर रॅले म्हणतात तसा प्रवाह शांत. पण क्षेत्र अगदी क्षीण का असेना, असलं की नियम बदलतो. आता बाहेरच्या बाजूला फिरण्याची गती कमी होत जाते एवढं पुरेसं आहे. प्रवाह अस्थिर होतो. क्षेत्र जवळजवळ शून्यावर आणलं तरी जुना नियम परत येत नाही.

हे विचित्र वाटतं, पण डोळ्यांसमोर आणता येतं. गोल मैदानात दोघं धावतायत, एक आतल्या रेषेवर, एक बाहेरच्या. दोघांच्या कमरेला एकच लांब रबर बांधलंय. आतला पुढे निघतो, रबर ताणतं, त्याला मागे ओढतं. मैदानावर तो नुसता मंदावला असता. पण ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वस्तूला मागे ओढलं की ती आतल्या कक्षेत घसरते आणि तिथे आणखी जोरात फिरू लागते. बाहेरच्याला पुढे ओढ बसते, तो आणखी बाहेर जातो आणि आणखी मंदावतो. अंतर वाढतं, रबर जास्त ताणतं, ओढ वाढते. चुंबकीय रेषा हे ते रबर. ते दोघांना जवळ आणायला जातं आणि कायमचं दूर ढकलतं. आतला आपला कोनीय संवेग बाहेरच्याच्या हवाली करून ताऱ्याकडे निघतो. खगोलशास्त्रज्ञांना नेमकी हीच देवाणघेवाण हवी होती.

मधली भिंत

मग तीस वर्षं काय झालं? कुणी काही दडवलं नव्हतं. वेलिखोव यांचा निबंध सोव्हिएत संघाच्या प्रमुख भौतिकशास्त्र नियतकालिकात होता, त्याचं इंग्रजी भाषांतरही निघत होतं. चंद्रशेखर यांचा ग्रंथ तर जगभरच्या ग्रंथालयांत होता. पण सिलिंडरमधल्या द्रवाचं प्रकरण ताऱ्यांच्या जन्मासाठी उघडून पाहावं असं फारसं कुणाला वाटलं नाही. शिवाय क्षीण चुंबकीय क्षेत्र म्हणजे क्षीण परिणाम, हा सरळ तर्क सगळ्यांच्या मनात बसला होता. इथे तो चुकीचा होता.

गंमत अशी की ही दोन घरं मुळात परकी नव्हती. अमेरिकेचा फ्युजन कार्यक्रम १९५१ मध्ये प्रिन्स्टनला सुरू केला तो लायमन स्पिट्झर या खगोलशास्त्रज्ञाने. ताऱ्यांमधल्या वायूचा अभ्यास करणारा हा माणूस, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रातला प्लाझ्मा ओळखीचा होता. पुढे मात्र दोन्हीकडची नियतकालिकं, परिषदा आणि शब्द वेगळे झाले आणि मध्ये भिंत उभी राहिली.

१९९१ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी तबकडीचा प्रश्न घेऊनच गणित मांडलं, तेव्हा त्यांना हीच अस्थिरता सापडली. हॉली संगणकावर प्रवाह चालवून बघण्यात तरबेज होते. त्यांच्या पडद्यावर शांत तबकडी काही फेऱ्यांतच ढवळून निघाली. आपल्या आधी वेलिखोव आणि चंद्रशेखर इथे येऊन गेल्याची नोंद दोघांनी केली. २०१३ मध्ये त्यांना शॉ पुरस्कार मिळाला. अल्फा या अक्षरामागे अखेर एक यंत्रणा उभी राहिली.

आणि वेलिखोव? ते आयुष्यभर भिंतीच्या पलीकडच्या घरात राहिले. मॉस्कोच्या कुर्चातोव संस्थेत ते फ्युजन कार्यक्रमाचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीने खळबळीचं दुसरं टोक पाहिलं: ती सुरू कशी होते हे तरुणपणी सिद्ध करायचं आणि ती थांबवायची कशी यात उरलेलं आयुष्य घालवायचं.

भोवऱ्यांना लगाम

फ्युजनच्या घरात दरम्यान बरंच घडलं होतं. १९६८ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ‘टोकामाक’ नावाच्या मेदुवड्याच्या आकाराच्या यंत्रात कोटीभर अंश तापमान गाठल्याचं जाहीर केलं. बोमच्या सूत्राला न जुमानता हा प्लाझ्मा टिकत होता. पश्चिमेला विश्वास बसेना. तेव्हा भर शीतयुद्धात ब्रिटिश शास्त्रज्ञांची तुकडी लेझरचं सामान घेऊन मॉस्कोला गेली आणि १९६९ मध्ये तिने स्वतः मोजून सांगितलं: आकडे खरे आहेत. त्यानंतर जगभर टोकामाक उभे राहिले.

गळती घटली, पण संपली नाही. पुढचा धक्का १९८२ मध्ये म्युनिकजवळच्या गार्शिंगला बसला. फ्रिट्झ वॅग्नर तिथल्या टोकामाकवर काम करत होते. उष्णता एका पातळीपलीकडे नेली की प्लाझ्मा अचानक स्वतःहून शिस्तीत येत होता आणि उष्णता आधीच्या दुप्पट काळ टिकत होती. कुणी असं भाकीत केलेलं नव्हतं. पुढे कळलं की प्लाझ्माच्या कडेला शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या गतीने वाहू लागतात आणि त्यांच्या ओढाताणीत मोठे भोवरे फाटतात.

आतल्या भागातही असेच पट्टे तयार होतात. त्यांना झोनल फ्लो म्हणतात. हे नाव हवामानशास्त्रातून आलंय. गुरूवर दिसणारे आडवे पट्टे त्याच जातीचे. अकिरा हासेगावा आणि कुनिओकी मिमा यांनी १९७७ च्या सुमारास प्लाझ्मातल्या लहरींसाठी जे समीकरण मांडलं, त्याचा सांगाडा पृथ्वीच्या वातावरणासाठी १९४८ मध्ये ज्यूल चार्नी यांनी मांडलेल्या समीकरणासारखाच आहे. भोवरे पट्ट्यांना जन्म देतात आणि पट्टे मग त्याच भोवऱ्यांना कापतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी महासंगणकांवर हे स्पष्ट दिसलं.

आपल्याकडेही या खळबळीची नाडी पाहिली गेलीय. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा भारतात बांधलेला टोकामाक सुरू झाला. यंत्र लहान होतं, पण १९९२ मध्ये तिथल्या गटाने दाखवलं की प्लाझ्माच्या कडेची खळबळ एकसारखी नसते, ती झटक्याझटक्याने येते. श्रावणातल्या सरींसारखी: मध्येच उघडीप, मध्येच धो धो. गळतीची सरासरी काढून भागत नाही, हा त्याचा अर्थ. भिंतीला सोसावं लागतं ते सरासरीचं नव्हे, झटक्यांचं.

तबकडी शांत निघाली

इथवर गोष्ट गोड होती. एका घरात खळबळ कशी येते ते कळलं, दुसऱ्यात ती कशी आवरते ते कळू लागलं. मग चिलीच्या वाळवंटातून बातमी आली.

अटाकामात पाच हजार मीटर उंचीवर ६६ अँटेनांची ‘अल्मा’ ही दुर्बीण आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिने टिपलेलं एचएल टाउरी या कोवळ्या ताऱ्याचं चित्र प्रसिद्ध झालं. सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरची तबकडी, आणि तिच्यात एकाआड एक उजळ-काळी वर्तुळं, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी. वर्तुळं इतकी रेखीव होती की धूळ फार ढवळली जात नसणार हे उघड होतं. धूळ माठातल्या गाळासारखी मधल्या पातळ थरात बसली होती. पुढच्या वर्षी केव्हिन फ्लेअर्टी आणि सहकाऱ्यांनी एचडी १६३२९६ या ताऱ्याच्या तबकडीत वायूची खळबळ मोजायचा प्रयत्न केला. ती ध्वनीच्या स्थानिक वेगाच्या तीन टक्क्यांहूनही कमी निघाली. नंतर डीएम टाउरीसारख्या एखाद्या तबकडीत जोरदार खळबळ सापडली, पण बऱ्याच तबकड्या अपेक्षेपेक्षा शांत आहेत.

म्हणजे १९९१ चं उत्तर चुकलं का? नाही, पण त्याला एक अट होती. रबर पकडायला हात हवेत. वायूत सुटे विद्युतभार असतील तरच चुंबकीय रेषा त्याला धरून ठेवतात. कृष्णविवराभोवतीची तबकडी तापलेली असते, तिथे अडचण नाही. ग्रह घडवणारी तबकडी मात्र ताऱ्यापासून जरा दूर गेलं की थंडगार असते आणि तिच्या पोटात किरणं पोचत नाहीत. चार्ल्स गॅमी यांनी १९९६ मध्येच अशा निपचित पट्ट्याची कल्पना मांडली होती. आज अनेकांचं मत असं झालंय की या तबकड्यांमध्ये कोनीय संवेग मुख्यतः चुंबकीय रेषांवरून वर उडून जाणाऱ्या वाऱ्याबरोबर बाहेर पडतो. रबर तेच, ओढण्याची दिशा वेगळी.

आणि ही शांतता ग्रहांच्या पथ्यावर पडते. मीटरभर आकाराच्या दगडांना तबकडीतल्या वायूचा समोरून वारा लागतो, ते मंदावतात आणि पृथ्वीइतक्या अंतरावरून शंभरेक वर्षांत ताऱ्यात जाऊन पडतात. स्टुअर्ट वायडेनशिलिंग यांनी १९७७ मध्ये हे दाखवलं, तेव्हापासून ग्रह घडायला वेळ मिळतो कुठे हा प्रश्न होता. सुटकेची एक वाट म्हणजे तबकडीतले झोनल फ्लो. हो, तेच नाव, तेच पट्टे. २००९ च्या संगणकीय अभ्यासांत दिसलं की चुंबकीय खळबळीतून असे पट्टे तयार होतात, त्यांच्यामुळे दाबाचे उंचवटे बनतात आणि आत घसरणारे खडे तिथे अडकून गोळा होतात. टोकामाकमध्ये जे पट्टे उष्णता अडवतात, त्यांची भावंडं तबकडीत ग्रहांचा कच्चा माल अडवतात.

पुन्हा सिलिंडर

एवढं सगळं झालं तरी एक उणीव होती. वेलिखोव यांनी ज्या दोन सिलिंडरांचा विचार केला होता, त्यांत ही अस्थिरता नेमकी त्या रूपात कुणी घडवून दाखवली नव्हती. तो प्रयोग जिथे झाला ती जागा म्हणजे स्पिट्झर यांनी सुरू केलेली प्रिन्स्टनची प्लाझ्मा प्रयोगशाळा, म्हणजे फ्युजनचंच घर.

हान्ताओ जी आणि खगोलशास्त्रज्ञ जेरेमी गुडमन यांच्या गटाने आधी साध्या पाण्याने सुरुवात केली. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की तबकडीच्या धर्तीवर फिरवलेलं पाणी कितीही जोरात फिरवलं तरी शांत राहतं. रॅले बरोबर होते. मग पाण्याच्या जागी गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा खोलीच्या तापमानाला द्रव राहणारा मिश्रधातू घातला आणि चुंबकीय क्षेत्र लावलं. २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं: अस्थिरता दिसली. कागदावरच्या गणितापासून धातूपर्यंत यायला ६३ वर्षं लागली होती.

भाकिताचा हिशोब

भाभांवर हसणं सोपं आहे. पण १९५५ मध्ये त्यांना माहीत नव्हतं तसंच त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं की खरा प्रतिस्पर्धी तापमान नसून भोवरे आहेत. पंधरा कोटी अंश माणसाने कधीच गाठले. ते टिकवणं अवघड गेलं. या सत्तर वर्षांतला बराच काळ खळबळीची भाषा शिकण्यात गेला आणि ती भाषा दोन घरांत अर्धी अर्धी वाटलेली होती.

नोव्हेंबर १९८५ मध्ये, पुन्हा जिनिव्हातच, गोर्बाचेव्ह आणि रेगन पहिल्यांदा भेटले. फ्युजनवर जगाने एकत्र काम करावं हा मुद्दा त्यांच्या संयुक्त निवेदनात आला. गोर्बाचेव्ह यांच्या कानावर तो घालणारे सल्लागार होते वेलिखोव. त्यातून दक्षिण फ्रान्समध्ये उभा राहतोय तो ‘इटर’ हा महाकाय टोकामाक. प्लाझ्माला ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट मिळवायचे, हे त्याचं उद्दिष्ट. युरोप, अमेरिका, रशिया, चीन, जपान आणि दक्षिण कोरियाबरोबर भारतही त्यात भागीदार आहे. त्याचं सुमारे ३० मीटर उंचीचं बाह्य पोलादी कवच गुजरातमधल्या हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने तुकड्यातुकड्यांनी घडवून जहाजाने पाठवलं.

या यंत्रातला प्लाझ्मा गार्शिंगला सापडलेल्या शिस्तीत राहील, पट्टे भोवऱ्यांना कापत राहतील, या भरवशावर सगळा हिशोब उभा आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार तिथले खरे प्रयोग २०३४ मध्ये सुरू होतील. भाभांच्या मुदतीनंतर ५९ वर्षांनी.

वेलिखोव डिसेंबर २०२४ मध्ये, ८९ व्या वर्षी वारले. सिलिंडरच्या फटीतला द्रव अस्थिर होतो की नाही, या त्यांच्या तरुणपणीच्या प्रश्नाचं प्रयोगातून आलेलं उत्तर त्यांच्या हयातीत मिळालं. इटर पेटलेला पाहायला मात्र ते उरले नाहीत.